पासंग

कॉन्स्तांत्सा बंदरात, नऊ नंबरच्या धक्क्याजवळ
आमचा वजनकाटा आहे.
सूर्यफूल, मका, गहू घेऊन ट्रक येतात,
एकदा भरलेले काट्यावर चढतात, एकदा रिकामे.
भरल्यातून रिकामं वजा करायचं,
उरतं ते धान्य.
एवढ्याशा कामाला माणूस हवा होता
म्हणून आम्ही तिघं मुलाखती घ्यायला बसलो,
मी तिसऱ्या खुर्चीत, लिहून घ्यायला.

चौथी आली देस्पिना कारामान.
मेजिदियाच्या कोठारावर चौदा वर्षं काटा सांभाळलेली.
तिच्यासाठी मांडलेली खुर्ची हातांची होती,
प्लास्टिकची, अरुंद.
तिनं खुर्चीकडे पाहिलं, मग आमच्याकडे,
म्हणाली, "मी उभीच बरी.
काट्यावर बसतं कोण?"
साहेब हसले. मीही हसलो,
साहेब हसले म्हणून.

केबिनला एकोणीस पायऱ्या आहेत, जमेल?
"त्याच चढून आले ना आत्ता."
दम लागतो का?
"लागतो. तुम्हाला?"
कोर्नेल साहेबांनी सिगारेट विझवली.
साखर आहे का. गुडघे दुखतात का.
रात्री काय जेवता.
यातलं काहीच फॉर्मवर नव्हतं.
उत्तरं मी लिहून घेतली मात्र,
सुवाच्य अक्षरात.

मधेच ती खिडकीकडे वळली.
"त्या निळ्या ट्रकचं मागचं चाक
काट्याच्या बाहेर आहे. वीतभर."

आम्ही तिघांनी माना वळवल्या.
होतं.
रिकामा ट्रक जेवढा हलका दिसेल
तेवढं धान्य कागदावर वाढतं.
किती वर्षं आम्ही गव्हाच्या भावानं
वारा विकत घेत होतो, कोण जाणे.

साहेब म्हणाले, कळवू.
ती जिना उतरली, सावकाश, कठड्याला हात न लावता.
मी पावलं मोजली. एकोणीस.

"बाई हुशार आहे," साहेब म्हणाले. "पण."
पुढे काही बोललेच नाहीत.
तो "पण" टेबलावर तसाच पडून राहिला,
आणि दुसऱ्या खुर्चीतल्या मादालिनाबाई
पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.
जुन्या तराजूला पासंग बांधायचे,
रिकामी पारडी समान राहावीत म्हणून.
आमचा पासंग कुणी बांधला होता?
ती दारात यायच्या आधीच
एक पारडं जमिनीला टेकलेलं.

मी लिहिलं: शारीरिकदृष्ट्या अनुरूप नाही.
माझ्या शब्दाला इथे वजन नाही,
असं मी बायकोला नेहमी सांगतो.
या तीन शब्दांना होतं.

मग एक सडपातळ पोरगा घेतला.
चांगला आहे, पायऱ्या धावत चढतो,
त्याचा काय दोष.
चाकं अजून बाहेर राहतात. वीतभर.
मला आता दिसतात,
आणि दिसली की मी आकडा लिहितो.

परवा पाळी संपल्यावर, कुणी नाही बघून,
मी स्वतः काट्यावर जाऊन उभा राहिलो.
समुद्राकडून वारा येत होता.
आकडा थरथरला आणि ऐंशीवर थांबला.
घरच्या काट्यावर मी एकाहत्तर.
वरचे नऊ किलो कुणाचे?

बाजूच्या खांबाला पितळी पाटी आहे,
दर उन्हाळ्यात मीच तिच्यावरून रंग फिरवलाय.
किल्लीनं खरवडली.
आधी एक आकडा निघाला, मग अक्षरं:
किमान भार चारशे किलो.
त्याखालचं काहीही
या काट्यावर तोलू नये.

तिचा फॉर्म माझ्या कपाटात आहे.
खाली फोन नंबर आहे, तिच्या ठसठशीत अक्षरात.
हातात होती ती किल्ली
त्याच कपाटाची.